४५ डॉलरचे स्मित

ऑक्टोबर महिन्याचा पहिला शुक्रवार ‘जागतिक स्मित दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सकाळपासून भ्रमणध्वनीवर पिवळ्या, गोल, हसऱ्या चेहऱ्यांची रीघ लागते. हा चेहरा आता इतका सवयीचा झाला आहे की त्याचा कोणी कर्ता असेल, असा विचारही मनाला शिवत नाही. शिक्षिकेच्या शेऱ्याशेजारी तो असतो, दुकानाच्या काचेवर असतो, खेळण्यांवर आणि पिशव्यांवर असतो. सणावारांच्या मागे बहुधा एखादी पुरातन कथा असते. या दिवसाच्या मुळाशी मात्र एक विमा कंपनी, एक जाहिरात-चित्रकार आणि ४५ डॉलरचा मेहनताना आहे. व्यापारी घरांतील वाचकांना ही हकिकत विशेष जवळची वाटावी. कारण मोबदला, मालकी, नाममुद्रा आणि कोर्टकचेरी हे सारे तिच्यात आले आहे.

हकिकत घडली ती अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या गावी. (गावाच्या नावाचे स्पेलिंग पाहणारा ‘वॉर्सेस्टर’ असे वाचतो आणि तेथील रहिवासी त्याला हसत हसत दुरुस्त करतात.) या गावात १८४४ पासून ‘स्टेट म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स’ नावाची आयुर्विमा कंपनी होती. १९६० नंतरच्या काळात तिने ओहायो राज्यातील एका विमा कंपनीला आपल्यात सामावून घेतले. दोन पेढ्या एक झाल्या की वहीवरील बेरीज सोपी असते, माणसांची बेरीज कठीण. कोण कोणाच्या हाताखाली, कोणाची पद्धत चालणार, कोणाची खुर्ची जाणार, अशा कुजबुजीत कर्मचाऱ्यांचे मन कामावरून उडाले. वातावरण निवळावे म्हणून व्यवस्थापनाने एक ‘मैत्री मोहीम’ काढण्याचे ठरविले. दूरध्वनी उचलताना हसा, विमेदारांचे दावे चुकते करताना हसा, अहवाल टंकलिखित करतानाही हसा, असा तिचा आशय होता. या मोहिमेसाठी बिल्ल्यांवर, भित्तिपत्रकांवर आणि मेजावरील पाट्यांवर छापण्याजोगे एक लहानसे हसरे चित्र हवे होते. १९६३ साली हे काम हार्वे बॉल यांच्याकडे आले.

हार्वे रॉस बॉल यांचा जन्म १० जुलै १९२१ रोजी वूस्टर येथेच झाला. शाळेत असतानाच ते गावातील एका पाट्या रंगविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करू लागले. पुढे वूस्टर कला संग्रहालयाच्या शाळेत त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले. मध्ये दुसरे महायुद्ध आले. पॅसिफिकच्या आघाडीवर ओकिनावाच्या लढाईत ते होते आणि तेथील शौर्याबद्दल त्यांना ‘ब्राँझ स्टार’ हे पदक मिळाले. जगाला ज्याने स्मिताचे चिन्ह दिले, त्याने ओकिनावा पाहिले होते, ही गोष्ट स्मित दिनाच्या शुभेच्छापत्रांवर कोठेही छापलेली नसते. युद्धानंतर त्यांनी गावी परतून एका जाहिरात संस्थेत नोकरी केली आणि १९५९ मध्ये स्वतःचा लहानसा व्यवसाय थाटला. विमा कंपनीचे काम आले तेव्हा या व्यवसायाला जेमतेम चार वर्षे झाली होती.

चित्र पूर्ण व्हायला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत, असे बॉल पुढे सांगत. पिवळ्या कागदावर एक वर्तुळ, त्यात हसणाऱ्या ओठांची एक वक्र रेषा. पण तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. नुसती ओठांची रेषा असलेला बिल्ला एखाद्या रुसलेल्या कर्मचाऱ्याने उलटा लावला, तर हसू जाऊन तेथे रडवेले तोंड दिसेल! ही खोडी कोणी तरी करणारच, हे गिऱ्हाइकांशी आणि नोकरांशी व्यवहार केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून त्यांनी दोन डोळे काढले. डोळे आल्यावर चेहऱ्याला वर आणि खाली अशा बाजू मिळाल्या, उलटा बिल्ला उलटाच दिसू लागला आणि चित्र पक्के झाले. हे डोळे कंपासने आखलेले नव्हते. ते लांबट असून त्यांतील एक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा होता. ओठांच्या टोकांनाही हाताने काढलेल्या बारीक वळ्या होत्या. नंतर निघालेल्या कोट्यवधी नकलांमध्ये हे सारे घोटून गुळगुळीत झाले. मूळ चित्रातील चेहरा मात्र खराखुरा हसत आहे असे वाटते ते या लहानशा असमतोलामुळेच.

या कामाचे बॉल यांना ४५ डॉलर मिळाले. त्या वेळी डॉलरचा सरकारी भाव ४ रुपये ७६ पैसे होता. म्हणजे भारतीय चलनात हा मेहनताना सुमारे २१४ रुपये झाला. यावर पुढे त्यांना या चित्राचे काहीही मिळाले नाही. कंपनीने प्रथम केवळ १०० बिल्ले करवून घेतले होते. ते हातोहात संपले. कर्मचाऱ्यांनी आणि विमा प्रतिनिधींनी आणखी मागितले, गिऱ्हाइकांनीही मागितले; मग मागणी एकेका वेळी दहा दहा हजारांची होऊ लागली.

येथे कोणत्याही व्यापाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहील: नोंदणी का केली नाही? चित्रकाराने केली नाही, आणि आश्चर्य म्हणजे कंपनीनेही केली नाही. बॉल यांच्या दृष्टीने ते इतर कामांसारखेच एक काम होते. सांगितले ते करून दिले, ठरले ते घेतले. कंपनीला हा बिल्ला घरातील माणसांसाठी हवा होता, बाजारासाठी नव्हे. शिवाय त्या काळच्या अमेरिकी कायद्यात एक कडक अट होती. हक्काची सूचना न छापता एखादे चित्र प्रसिद्ध केले, तर त्यावरील कर्त्याचा हक्क संपून ते सर्वांचे होत असे. हजारो बिल्ले असे वाटले गेल्यावर मागे वळण्याचा रस्ता उरला नाही. हा हक्क बॉल यांनी उदार होऊन सोडून दिला, असे काही ठिकाणी लिहिले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. हक्क हातून निसटला होता. उदारपणा दिसला तो नंतर, त्याविषयी त्यांनी कधी कडवटपणा धरला नाही यात. एका वेळी माणूस एकच मोटार चालवू शकतो, या अर्थाचे त्यांचे बोलणे त्यांच्या पुत्राने पुढे सांगितले आहे.

न्यायाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हसरा गोल चेहरा बॉल यांच्या आधी कोणी काढलाच नव्हता, असे नाही. न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूएमसीए’ या नभोवाणी केंद्राने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपल्या श्रोत्यांना हसऱ्या चेहऱ्याचे पिवळे सदरे बक्षीस म्हणून दिले होते. लहान मूल हाती खडू आला की जे पहिले काही काढते, त्यातही हा चेहरा असतोच. गोल, दोन ठिपके आणि एक रेषा यांचा शोध लावल्याचा मान एका माणसाला देणे अवघड आहे. पण आज डोळ्यांसमोर येते ते पिवळे वर्तुळ, ते लांबट डोळे आणि ती रुंद जिवणी बॉल यांचीच, हे आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

चित्र बेवारस आहे हे सर्वांत आधी ध्यानात आले ते फिलाडेल्फियाच्या बर्नार्ड आणि मरे स्पेन या दोन बंधूंच्या. त्यांची शुभेच्छापत्रांची दुकाने होती. १९७० च्या सुमारास त्यांनी या चेहऱ्याखाली ‘दिवस आनंदाचा जावो’ अशा अर्थाची एक ओळ जोडली, तिच्यासह हक्काची नोंद केली, आणि बिल्ले, पेले, सदरे, गाड्यांवर चिकटवण्याच्या पट्ट्या असा माल बाजारात आणला. व्हिएतनाममधील युद्धाने अमेरिका त्या वेळी शिणली होती. एवढासा हसरा बिल्ला छातीवर लावण्यात लोकांना दिलासा वाटला असावा. १९७२ पर्यंत पाच कोटींहून अधिक बिल्ले विकले गेले, असे सांगतात. एका बाजूला पाच कोटी बिल्ले आणि दुसऱ्या बाजूला ४५ डॉलर, हा हिशेब कोणत्याही खतावणीत मांडून पाहावा. स्पेन बंधूंनी कायदा मोडला नव्हता. पडलेली वस्तू त्यांनी उचलली, तिला बाजाराचे शहाणपण जोडले.

समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये हेच काम अधिक पद्धतशीरपणे झाले. फ्रँकलिन लुफ्रानी नावाच्या पत्रकाराने १९७२ च्या जानेवारीत ‘फ्रान्स-सुआर’ या दैनिकात एक उपक्रम सुरू केला. वाईट बातम्यांच्या गर्दीत एखादी चांगली बातमी आली की तिच्याशेजारी हसरा चेहरा छापायचा. कल्पना सुंदर होती, आणि लुफ्रानी यांनी चेहऱ्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली. पुढे त्यांनी एकामागून एक देशांत असे हक्क मिळविले; त्यांच्या पुत्राने १९९० नंतरच्या दशकात ‘स्मायली’ नावाने मोठी परवाना-कंपनी उभी केली. शंभराच्या आसपास देशांत या चेहऱ्याचा व्यापारी वापर करावयाचा तर तिच्याकडून परवाना घ्यावा लागू लागला.

अमेरिकेत मात्र ही गाडी अडली. ‘वॉलमार्ट’ या अवाढव्य दुकानसाखळीने १९९६ पासून भाव उतरविल्याची खूण म्हणून हाच पिवळा चेहरा वापरावयास घेतला होता. १९९७ मध्ये लुफ्रानी यांच्या बाजूने अमेरिकेत नोंदणीचा अर्ज झाला, वॉलमार्टने हरकत घेतली आणि पुढे स्वतःही हक्क सांगितला. वकिलांच्या फिया, साक्षी, कागदपत्रे यांत दशकाहून अधिक काळ गेला. ज्याने चित्र काढले त्याचा या दाव्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे वेगळे सांगावयास नको.

बॉल हे सारे वूस्टरमध्ये बसून पाहत होते. त्यांची तक्रार पैशाविषयी नव्हती. हे चिन्ह इतक्या ठिकाणी, इतक्या कारणांसाठी छापले गेले की त्याचा मूळ अर्थच झिजून गेला, याची त्यांना खंत होती. आणि ती खोटी नव्हती. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हाच चेहरा रात्रभर चालणाऱ्या नाचगाण्यांची आणि त्यांच्यासोबत आलेल्या नशेच्या गोळ्यांची खूण बनला होता. स्वस्त माल खपविणाऱ्यापासून नशा विकणाऱ्यापर्यंत सर्वांनी त्याला कामाला लावले होते. अशा वेळी मनुष्य कोर्टात जातो किंवा गप्प बसतो. बॉल यांनी तिसराच मार्ग काढला: चिन्ह परत मिळत नाही, तर त्याला वर्षातील एक दिवस तरी द्यावा.

१९९९ मध्ये त्यांनी ‘वर्ल्ड स्माइल कॉर्पोरेशन’ ही संस्था स्थापन केली आणि ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार स्मित दिन म्हणून जाहीर केला. त्या वर्षी तो १ ऑक्टोबरला आला. त्या वेळी त्यांचे वय ७८ वर्षांचे होते. संस्थेला चित्राच्या परवान्यांतून जे मिळेल ते मुलांच्या कल्याणाच्या कामाला द्यावयाचे, असे ठरले. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकी टपाल खात्याने विसाव्या शतकाच्या स्मरणार्थ काढलेल्या तिकीटमालेत सत्तरच्या दशकाची खूण म्हणून या चेहऱ्याला स्थान दिले.

या दिवसाचे म्हणून बॉल यांनी जे आवाहन केले ते अगदी लहान होते: दयेचे एक कृत्य करा, एका माणसाला हसू येण्यास साह्य करा. १९६३ च्या मोहिमेशेजारी हे आवाहन ठेवून पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. विमा कंपनीचा बिल्ला कर्मचाऱ्याला सांगत होता, ‘तू हस’. पगार देणाऱ्याने पगार घेणाऱ्याला दिलेली ती सूचना होती. मन उदास असले तरी ओठ वळवावे लागत. आपल्याकडेही गल्ल्यावरच्या मुलाला ‘गिऱ्हाइकाशी हसून बोल’ असे सांगितले जाते, आणि त्या मुलाच्या घरी आई आजारी आहे की नाही याची चौकशी क्वचितच होते. छत्तीस वर्षांनी त्याच चित्रकाराने हसण्याची जबाबदारी उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवली. आता हसावयाचे होते ते समोरच्याने. आपल्याकडे काम होते ते त्याला कारण देण्याचे. स्मित दिनाला दयेचा दिवस का म्हणतात, याचे उत्तर या बदलात आहे. शुभेच्छापत्रांवर हा अर्धा भाग सहसा गळतो आणि नुसते ‘हसत राहा’ उरते.

याच्या जवळपासचे आणखी दोन दिवस आहेत आणि संदेशांच्या गर्दीत तिघांची सरमिसळ होते. ‘जागतिक हास्य दिन’ हा वेगळा. तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो आणि त्याचे माहेर मुंबई आहे. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागातील एका बागेत चार-पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. प्रारंभी तेथे विनोद सांगत. काही दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेल्यांनी कोणाकोणाची मने दुखावली. तेव्हा विनोदावाचून हसण्याची पद्धत निघाली. पहिला हास्य दिन जानेवारी १९९८ मध्ये मुंबईतच साजरा झाला. दुसरा आहे १३ नोव्हेंबरचा ‘जागतिक दया दिन’. त्याचे मूळ जपानमध्ये आहे. बॉल वूस्टरमध्ये चेहरा काढत होते त्याच १९६३ साली तोक्यो विद्यापीठाचे कुलप्रमुख सेइजी काया यांनी पदवी घेऊन निघालेल्या विद्यार्थ्यांना लहान लहान दयाकृत्ये करण्याचे धाडस ठेवा, असे सांगितले. त्यातून ‘लहान दया चळवळ’ उभी राहिली. १९९७ मध्ये तोक्योत देशोदेशींच्या अशा संघटना एकत्र आल्या आणि पुढल्या वर्षीपासून हा दिवस पाळला जाऊ लागला. ‘धाडस’ हा काया यांचा शब्द मनात राहतो. गर्दीत अनोळखी वृद्धाच्या हातची पिशवी घ्यावयास खरोखरच थोडे धाडस लागते. लोक काय म्हणतील, तो वृद्धच संशयाने पाहील का, हे भय आड येते.

बॉल यांना आपल्या दिवसाचा सोहळा दोनदाच पाहता आला, १९९९ चा आणि ६ ऑक्टोबर २००० चा. १२ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने ‘हार्वे बॉल वर्ल्ड स्माइल फाउंडेशन’ स्थापन झाले आणि स्मित दिनाची धुरा तिकडे आली. वॉलमार्ट आणि लुफ्रानी यांचा तंटा त्यानंतरही दहा वर्षे चालला. २०११ मध्ये दोन्ही पक्षांनी न्यायालयाबाहेर तडजोड केली; तिच्या अटी जाहीर केल्या गेल्या नाहीत.

वूस्टरच्या इतिहास संग्रहालयाने पुढे आपल्या गावच्या या चित्रकाराच्या नावे एक मेजवानी सुरू केली. इंग्रजीत ‘बॉल’ म्हणजे नृत्याचा समारंभही होतो, त्यामुळे तिला ‘द हार्वे बॉल’ हे नाव आयतेच मिळाले. ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार आला की गावात तोच पिवळा चेहरा सर्वत्र लागतो, आणि तो लावावयास तेथे कोणाचा परवाना मागावा लागत नाही.